समोरचे बाक

सोमवार, ६ जानेवारी

सभागृहाचे छत आज अखेर पडले. सगळे नाही, चटईएवढा गिलावा, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या बाकावर. सरकार पडावे म्हणून वर्षानुवर्षे घसा फोडणाऱ्यांना निदान छत तरी पडलेले पाहायला मिळाले. अध्यक्षांनी जाहीर केले की दुरुस्तीला दोन वर्षे लागतील आणि तोवर कामकाज नव्या गोल इमारतीत चालेल.

ही गोल इमारत तीन वर्षांपूर्वीच बांधून झाली आहे. आत बाक कसे मांडायचे यावर समितीचे एकमत होत नव्हते, म्हणून तिला कुलूप.

जुन्या सभागृहात बाकांच्या दोन फळ्या आहेत, समोरासमोर, मध्ये बारा पावलांची मोकळी जागा. उजवीकडे सरकार, डावीकडे विरोधक, आणि मधल्या जागेत लघुलेखिकेचे टेबल. बावीस वर्षे मी वरच्या पत्रकार कक्षातून मान इकडून तिकडे वळवत हे पाहिले. मानदुखी हा आमचा व्यवसायजन्य रोग.

डावीकडच्या पहिल्या बाकावर दादा बसतो. माझा थोरला भाऊ. भाडेकरूंचा प्रतिनिधी म्हणून चौथ्यांदा निवडून आला आहे. त्याच्या बरोबर समोर गृहनिर्माण मंत्री. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे प्रत्येक अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे बोलतात. या दोघांची जुगलबंदी ऐकायला प्रेक्षक कक्ष भरतो. बाईंचे वाक्य संपायच्या आत दादाचे उत्तर तयार असते. भावाच्या बातम्या मी लिहितो हे संपादकबाईंना चालते, कारण त्याला सर्वांत जास्त टोचतो तो मीच.

गुरुवार, ९ जानेवारी

समितीने जुन्या वार्ताहरांचे मत मागवले. आयुष्यात कुणीतरी माझे मत मागितले, म्हणून मी लेखच लिहिला. न्यायशास्त्रात वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते उसवायचे ती वितंडा. समोरासमोर बसवलेली माणसे जल्पाशिवाय काय करणार, असे मी विचारले. अर्धवर्तुळात बसवा, पक्षांप्रमाणे नको, जिल्ह्यांप्रमाणे बसवा, मांडीला मांडी लागली की आवाज खाली येतो, असे सुचवले. शीर्षक दिले 'शेजारधर्म'. संपादकबाई म्हणाल्या, "आज तुम्ही उपयोगाचं लिहिलंत, बरं नाही का वाटत?"

नाही वाटत. बरे किंवा वाईट, दोन्ही बऱ्याच दिवसांत वाटलेले नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

समितीने माझी मांडणी स्वीकारली. जशीच्या तशी. सकाळी चहाला दादाच्या समोर नकाशा पसरला.

"माझ्यासमोर कोण?" त्याने विचारले.

"समोर अध्यक्ष. सगळ्यांच्याच समोर अध्यक्ष."

"आणि बाई?"

"मंत्री पहिल्या रांगेत. तू चौथ्या."

"म्हणजे मला त्यांचा अंबाडा दिसणार."

"अंबाड्याशी भांडण करता येत नाही दादा, हीच तर खुबी आहे."

तो नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पंडित, हे तुझं डोकं का?" मी होय म्हटले. त्याने चहा अर्धा ठेवला आणि उठला. जुन्या माणसांना बदल सोसत नाही. मला कौतुकाची अपेक्षा नव्हती, पण चहा तरी संपवायचा.

रविवार, १९ जानेवारी

वहिनी गेल्याला काल अकरा महिने झाले. हे लिहून दोन मिनिटे थांबलो, काही येते का ते पाहायला. पेन सुकले, म्हणून पुढे लिहितो.

तिच्यानंतर मी माझी खोली सोडून दादाकडे राहायला आलो. त्याला सोबत म्हणून, असे सगळ्यांना सांगितले. घर शांत आहे. वहिनी असताना जेवणाच्या टेबलावर प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचे. मी म्हणायचो, टपाल आले. की ती दादाकडे तोंड करून, "भाऊजी म्हणतायत, टपाल आलंय." काव्यशास्त्रात याला पुनरुक्तिदोष म्हणतात, असे मी तिला पंधरावीस वेळा तरी ऐकवले असेल. "तुमच्या शास्त्रात दोष असेल," ती म्हणायची, "माझ्या संसारात तो गुण आहे."

आज शर्टाचे बटण शोधताना तिच्या शिवणाच्या खणात चपट्या, डाळीएवढ्या बॅटऱ्यांची दोन पाकिटे सापडली. माझे मनगटी घड्याळ बंदच आहे, म्हणून एक घालून पाहिली. बसेना. या कोणत्या घड्याळाच्या म्हणून दादाला विचारले, तर त्याने पाकिटे माझ्या हातातून घेतली आणि खिशात टाकली. बायकोची आठवण म्हणून माणूस काय काय जपून ठेवील, सांगता येत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या सभागृहाचा पहिला दिवस. गालिचा इतका जाड की कुणी रागाने निघून गेला तरी कळत नाही. बोलणाऱ्याच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक, आणि आवाज येतो छतातून, सगळीकडून सारखाच. कोण बोलते आहे हे कळायला जो तो वाट चुकलेल्या प्रवाशासारखा आजूबाजूला पाहतो. दादा तर सतत मान फिरवत होता. एकदा मागे, एकदा डावीकडे, मग समोर. मला जुनी मानदुखी आठवली. आता ती खाली गेली आहे.

आरडाओरडा मुळीच झाला नाही. दोन विधेयके पाऊण तासात संमत. मला काम फत्ते झाल्याचा आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

न्यायसूत्रकारांना ठाऊक नसलेला वादविवादाचा एक चौथा प्रकार मला आढळला आहे, छताशी बोलणे. सदस्य कागद वाचतात, छत बोलते, बाकीचे पेंगतात. मध्येच टोकायचे तर टोकणार कुणाला? समोरच्याचा चेहरा नाही, त्यामुळे आपला टोला लागला की नाही तेही कळत नाही. जल्प गेला हे खरे, पण त्याच्या जागी वाद अजून आलेला नाही. नऊ दिवसांत काय येणार म्हणा.

दादा नऊ दिवसांत एकदाही उठला नाही. आज मंत्रीबाईंनी त्याचे नाव घेऊन टोमणा मारला, भाडेकरूंचे कैवारी आज गप्प का म्हणून. सगळे हसले. दादाही हसला, जरा उशिरा.

घरी विचारले, "गप्प बसलास, काय झालं?" मी कांदा चिरत होतो, त्याच्याकडे पाठ होती. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. नाहीच. काही माणसांकडे खरेच उत्तर नसते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

साप्ताहिक स्तंभात लिहिले की जुना योद्धा निवळला आहे, आणि श्रेय आसनव्यवस्थेला. 'पंधरा वर्षांची गर्जना चौथ्या रांगेत विसावली.' वाक्य बरे उतरले. दादाने पेपर वाचला, घडी घातली, आणि म्हणाला, "गर्जना विसावत नाही रे पंडित. सिंह विसावतो." माझ्यापेक्षा बरे काव्यशास्त्र त्याला येते, शिकला नाही तरी.

शनिवार म्हणून भाडेकरू भेटायला आले. हल्ली त्याने नियम केला आहे. एका वेळी एकच माणूस, टेबलापलीकडच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. तेरा माणसे जिन्यात ताटकळली. एक म्हातारी म्हणाली, "पूर्वी आम्ही सगळे एकदम कालवा करायचो, वहिनीबाई एकेकाचं ऐकून त्यांना सांगायच्या. आता डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं." मी म्हटले, पदाने माणूस बदलतो आजी. आजीने माझ्याकडे असे पाहिले की जणू पद माझ्याकडेच आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

जे घडले ते क्रमाने लिहितो.

आज भाडेकरू विधेयकावर मतदान होते. सध्या घरमालकाला भाडेकरू काढायचा तर न्यायालयात जावे लागते. विधेयक म्हणते, नोटीस द्या, तीस दिवस थांबा, कुलूप बदला. आजचा जो कायदा आहे तो दादाने बारा वर्षांपूर्वी एकेक मत गोळा करून करवून घेतला होता. सरकारमधलेच काही फुटले होते आणि विधेयक एका मताने पडणार हे काल संध्याकाळी सर्वांना माहीत होते.

छतातून अध्यक्षांचा आवाज आला, "विधेयकाच्या बाजूने असणाऱ्या सदस्यांनी उभे राहावे."

दादाच्या उजवीकडचा आणि डावीकडचा, दोघेही सरकारी पक्षाचे, उभे राहिले. दादाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि तोही उभा राहिला.

मी वरून पाहत होतो. पहिल्यांदा वाटले, पाय मोकळे करतो आहे. मोजणी झाली. बाजूने एकसष्ट. मग विरोधातल्यांना उभे राहायला सांगितल्यावर दादाचे दोन्ही शेजारी बसले, तेव्हा तोही बसला, आणि खाली बसता बसता त्याने पुढच्या रांगांत आपल्या पक्षाची माणसे उभी राहताना पाहिली. ती साठ भरली. विधेयक एका मताने संमत. त्याचा चेहरा कसा झाला ते लिहिता येईल. लिहीत नाही.

मागून कुणीतरी ओरडले, "किती घेतले?" नव्या सभागृहातली ती पहिली आरोळी.

बातमी मी दिली. 'सदस्य उभे राहिले.' भाऊ आहे म्हणून विशेषण लावले नाही, आणि भाऊ आहे म्हणून वगळलेही नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

फाटकावर कुणीतरी खडूने 'फितूर' लिहिले आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. पक्षाने नोटीस दिली. गुरुवारपर्यंत खुलासा, नाहीतर हकालपट्टी. दादा दिवसभर खिडकीपाशी होता. मी मागून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा गेलो नाही. माझे शब्द ज्याला नकोत त्याच्यावर ते लादायची मला सवय नाही.

राग आला का? शोधला. नव्हता. जिथे राग असायचा तिथे गादीसारखे काहीतरी मऊ आहे.

सोमवार, ३ मार्च

सभागृहाच्या उपाहारगृहात लघुलेखिका माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. बावीस वर्षांत आमचे बोलणे 'जरा सरकता का' याच्या पुढे गेले नव्हते.

"साहेबांनी दुरुस्ती का नाही मागितली?" त्यांनी विचारले. "मतात चूक झाली तर सात दिवसांत सदस्य उभं राहून कारण सांगू शकतो. मानायचं की नाही ते अध्यक्षांवर. गुरुवारी मुदत संपते."

"चूक कसली? उभा राहिला तो. मी पाहिलं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग चमचा खाली ठेवला.

"तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ ना?"

"हो."

"एका घरात राहता?"

"वर्षभर."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही."

मी म्हटले, काहीतरीच काय.

"जुन्या सभागृहात मी दोघांच्या मध्ये बसायचे. गोंगाट झाला की मी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते, नाहीतर माझी वही कोरी राहील. साहेब गोंगाट नसतानाही ओठांकडेच बघायचे. डोळ्यांत कधीच नाही. एकच धंदा करणारे एकमेकांना ओळखतात हो. आणि बाईंचं बोलणं असं सुटं सुटं, वाचायला सोपं. आता बाईंची पाठ, आवाज छतातून, आणि सगळे एकाच बाजूला तोंड करून बसलेले. काय वाचणार ते?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही मांडणी कुणी सुचवली कोण जाणे."

मी चहाचे बिल दिले आणि कार्यालयात जाऊन रस्त्यांच्या कामांवर चारशे शब्द लिहिले. एकही चूक निघाली नाही.

मंगळवार, ४ मार्च

आज दादाच्या समोर बसलो. दिवा लावला, दुपार असून.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. तोंडाकडेच. इतकी वर्षे मला वाटायचे की तो माझ्या मिशांवर टीका करायच्या बेतात आहे.

"कोण म्हणालं?"

"लघुलेखिका."

"हुशार बाई." मग म्हणाला, "नऊ वर्षं. आधी डावा, मग उजवा. तुझ्या वहिनीला आधी कळलं. मला वाटत होतं लोकच हळू बोलायला लागलेत."

"कानाचं मशीन?"

"तिने आणलं होतं. नुसता खडखडाट. भांड्यांच्या दुकानात उभं राहिल्यासारखं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" तो हसला. "तू लेख लिहिला असतास."

मी दिवा माझ्या तोंडाजवळ सरकवला.

"दादा, कारण सांग. गुरुवारी उभा राहा आणि सांग. कायदा वाचेल कदाचित. नाव तर वाचेलच."

"लोक माझ्याकडे सांगायला येतात, पंडित. त्यांच्या पोटातलं सांगायला. मी नऊ वर्षं मान डोलावतोय. निम्मं कळायचं, निम्मं ती सांगायची. हे आता भर सभागृहात सांगू? फितूर म्हणतायत ते परवडलं. फितुराकडे निदान लोक रागाने तरी बघतात."

"ती म्हातारी शनिवारी तुझ्यासमोर काय बोलली?"

"एकतीस वर्षं त्याच खोलीत राहते म्हणाली. मुलगी तिथेच झाली. त्याच दिवशी सकाळी मालकाची नोटीस आली तिला."

"मग ऐकलंस की."

"एकेकाचं ऐकतो. एकेकाचंच येतं." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तीस दिवस म्हणजे कधी संपतात तिचे?"

मी मोजून सांगितले. बोटांवर, त्याला दिसेल असे.

बुधवार, ५ मार्च

भाषण मी लिहून देतो म्हटले. "नको," तो म्हणाला. "तू लिहिलंस की ते छान होतं."

संपादकबाईंना सांगितले की मांडणीचा लेख मी मागे घेतो. त्या म्हणाल्या, छापलेला लेख मागे कसा घेणार? खरे आहे. मग नवा लिहितो म्हटले. "आधी उद्या काय होतं ते बघू," त्या म्हणाल्या. बातमीदार म्हणून मलाही तेच सुचायला हवे होते.

गुरुवार, ६ मार्च

दादा अकरा वाजून दहा मिनिटांनी उठला. आवाज नको तितका मोठा होता. ध्वनिक्षेपकातून छतभर झाला. काही जणांनी कानांवर हात ठेवले.

"अध्यक्ष महाराज, गेल्या गुरुवारी मी उभा राहिलो तो शेजारी उभे राहिले म्हणून. तुमचं वाक्य मला ऐकू आलं नाही. मला नऊ वर्षं ऐकू येत नाही. जुन्या सभागृहात समोरचे बाक उभे राहिले की मी बसून राहायचो, तेवढं पुरायचं. ज्यांनी मला निवडून दिलं त्यांच्यापासून हे मी लपवलं. ते चुकलं. माझं मत विरोधात आहे. दुरुस्ती करावी ही विनंती."

एवढेच. खरोखरच छान नव्हते.

अध्यक्षांनी सचिवांशी कुजबुज केली, मग समोरच्या कागदावर मान खाली घालून निर्णय वाचला. सदस्यांच्या निवेदनाची नोंद इतिवृत्तात घेण्यात येईल. त्यांच्या सचोटीविषयी सभागृहाला शंका नाही. मात्र एका मताच्या दुरुस्तीने संमत झालेले विधेयक उलटवण्याचा पायंडा पाडता येणार नाही. निकाल कायम.

सगळ्यांनी ऐकले. दादा उभाच. त्याला अध्यक्षांचा भांग दिसत होता. तो उजवीकडे बघे, डावीकडे बघे. शेजारी खाली बघत होते. आपण हरलो हे सभागृहात ठाऊक नसलेला तो एकटा होता.

तेव्हा पहिल्या रांगेतून गृहनिर्माण मंत्री उठल्या. अध्यक्षांकडे पाठ करणे हा आमच्याकडे सभागृहाचा अवमान समजला जातो, त्यासाठी दोघांना बाहेर काढलेले मी स्वतः पाहिले आहे. बाई पूर्ण मागे वळल्या. विधेयक त्यांचे होते, जिंकल्याही त्याच होत्या.

"अमान्य झालं," त्या म्हणाल्या. ध्वनिक्षेपक बंद होता. वरून मला फक्त ओठ दिसले, आणि तरी शब्द वाचता आला. "नोंद घेतली. निकाल कायम."

दादाने मान हलवली. "आभारी आहे," तो म्हणाला. मग, "आता पुढे काय आहे?"

"पाणीपट्टी. खंड तीन."

"मला बोलायचंय त्यावर."

"मग उभेच राहा," बाई म्हणाल्या. खाली बसल्या नाहीत, वळल्याही नाहीत. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला आणि परत घेतला. पाणीपट्टीवर बोलायला जो जो उठला, त्याचे वाक्य बाईंनी दादाकडे तोंड करून सांगितले, सरकारचेही आणि सरकारविरुद्धचेही, आणि दादाने एकेकाला टोले दिले. चाळीस मिनिटे. खंड तीन परत पाठवला गेला.

दुपारी पक्षाने नोटीस मागे घेतली. म्हातारीची मुदत एकतीस मार्चला संपते, तीत बदल नाही. दादा उद्या तिच्याकडे जाणार आहे. त्याने मला बरोबर बोलावले आहे. तिच्याकडे खुर्ची एकच आहे म्हणे, तेव्हा कुणी कुठे बसायचे ते तिथे गेल्यावर ठरेल.

मंत्री चाळीस मिनिटे अध्यक्षांकडे पाठ करून उभ्या होत्या, हे इतिवृत्तात नाही. लघुलेखिकेने लिहिले नाही. मीही बातमीत दिले नाही, कारण दिले असते तर कुणीतरी नियम काढला असता.